चित्तेखान्याची पाटी

संस्थान विलीन झालं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत कोल्हापुरात एक समिती नेमली गेली. शहरातल्या कुठल्या जुन्या वास्तूवर सरकारी संगमरवरी पाटी लावायची, हे ठरवणारी. समितीत एक तरी बाई हवी म्हणून मुलींच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मला घेतलं. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. भला माणूस, पण सभेत डुलक्या काढायचा. खरा कारभार एका वकिलांच्या हातात. नियमही त्यांनीच घातलेला: जे संपलं, त्यालाच पाटी. चालू देवळाला नाही, चालू तालमीला नाही, आणि माणूस राहतो त्या जागेला तर नाहीच नाही. ऐकायला नियम ठीक होता, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

गावाच्या कडेला चित्तेखाना होता. दरबाराला शिकारीचा शौक होता तेव्हा काळविटांच्या मागे सोडायला पाळलेले चित्ते असत, त्यांची ती लांबलचक दगडी इमारत. चित्ते एकेक करून मेले, दरबार गेला, इमारत ओस पडली. आता ती पाडून तिथं मोटारींची शेड उभी करायचा बेत शिजत होता. पाटी लागली असती तर भिंती वाचल्या असत्या. पाहणीला जायचं काम माझ्याकडे आलं.

भर दुपारी गेले. टांग्याचा घोडा फाटकाअलीकडेच अडला आणि काही केल्या पाऊल टाकेना. टांगेवाला म्हणाला, हितं रोजचंच हाय, उतरा तुमी. मी आत गेले, तर एका खोलीतून बाईचा आवाज येत होता. संथ, न थांबणारा. बाजारात वांगी कशी महागलीत, शेजारणीची म्हैस कशी व्याली, रेडकू कसं झालं. दारातून डोकावले. साठीच्या घरातली एक बाई जमिनीवर बसली होती आणि समोरच्या रिकाम्या बाजेकडे बघून बोलत होती.

मला बघून तिनं हातानंच थांबा म्हटलं, बोलणं पुरं केलं आणि मग मला बसायला पोतं टाकलं. ती इथंच राहायची; एका चित्तेवानाची, म्हणजे चित्ते माणसाळवणाऱ्याची, विधवा होती. रानातून धरलेला चित्ता आला की त्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी चढवून त्याला बाजेवर बांधत. मग चित्तेवानांच्या बायका भोवती बसून पाळीपाळीनं बोलत राहायच्या. काय बोलायचं त्याला महत्त्व नाही, माणसाचा आवाज तुटता कामा नये. आवाज तुटला की जनावर बावरतं. लग्न होऊन आल्यापासून हिनं दुसरं काम केलेलं नव्हतं.

“आणि आता कुणाशी बोलता मावशी?” मी विचारलं.

“ऱ्हायलाय की एक,” ती म्हणाली.

मला हसू येत होतं. पण आम्ही दोघी क्षणभर गप्प झालो आणि बाजेच्या बाजूनं पाखरू ओरडल्यासारखा आवाज आला. बारीक, टोकदार. “हाय, हाय, हितंच हाय मी,” असं म्हणत म्हातारीनं म्हशीची हकिकत पुन्हा धरली. मी आढ्याकडे बघितलं. घरटं नव्हतं. चित्ता डरकाळत नाही, पाखरासारखी साद घालतो, हे तिनं मग बोलता बोलता सांगितलं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरींना वर्गात झापणारी मी, पण त्या खोलीकडे पाठ करायचं धाडस मला झालं नाही. तशीच मागं मागं सरकत बाहेर आले.

फाटकापाशी तिनं एकच विचारलं: भिंती ऱ्हातील का? मी म्हटलं, भांडून ठेवीन.

आणि भांडले. वकील म्हणाले, जनावरांच्या गोठ्याला पाटी दिली तर उद्या गवळी येतील मागायला. मी म्हटलं, गवळी निदान दूध तरी घालतात, आपण बसून काय केलं ते सांगा. अध्यक्ष खडबडून जागे झाले, हसले आणि पाटी मंजूर झाली. मी हरखून गेले. तेव्हा वकिलांनी चष्मा पुसत आठवण दिली: जागेत माणूस राहतो. म्हातारी हलली तरच पाटी. पाटी नको म्हणावं तर इमारत पडणार, हवी म्हणावं तर ही बाहेर. त्या माणसाचा मला असा संताप आला, की दौत उचलून मारावीशी वाटली.

तिला सांगायलाही मलाच जावं लागलं. ती रडली नाही. गडहिंग्लजला भाचा आहे, तिकडं जाईन म्हणाली. गाठोडं बांधता बांधता मात्र हात थांबला.

“भित्ती ऱ्हातील ओ बाई. पर त्येच्यासंगं बोलायचं कुणी?”

मी गाठोड्याची गाठ मारून दिली.

पाटीचा समारंभ सकाळी होता. मांडव, हारतुरे, दाराला नवंकोरं कुलूप. भाषणं लांबली, आणि ती चालू होती तोवर सगळं ठीक होतं. शेवटी वकिलांना काय हुक्की आली कोण जाणे. गेलेल्या चित्तेवानांसाठी आणि त्यांच्या मुक्या जनावरांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या, म्हणाले.

सगळा मांडव उठला. खुर्च्या वाजायच्या थांबल्या आणि चिडीचूप झालं. इथं गप्प बसायचं नसतं, हे एवढ्या माणसांत मला एकटीला ठाऊक होतं.

कुलपामागून साद आली. काहींनी पाखरू शोधायला वर बघितलं. दुसरी साद आली ती दाराला लागून. मग ती थांबेचना. रस्त्यावरचे घोडे खिंकाळायला लागले. आतून कुणी अंग घासावं तसं दार हललं आणि कुलूप कडीवर वाजलं. वकील पांढरेफटक पडले. स्तब्धता मोडायची कुणी, ते कुणालाच कळेना. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“व्हय, व्हय, आले की. एश्टीला गर्दी हुती,” कुणीतरी मागून म्हणालं.

माणसं बाजूला झाली. काखेत गाठोडं घेऊन म्हातारी सरळ दारापाशी आली, त्याला टेकून बसली आणि बोलायला लागली. भाच्याच्या घरचं पाणी कसं मचूळ, भाचेसून कशी आळशी, वाटेत गाडी कशी बंद पडली. दार हलायचं थांबलं. मांडव कसा रिकामा झाला ते कळलंसुद्धा नाही. हार तसेच खुर्च्यांवर राहिले.

नेमलेला राखणदार दुसऱ्या दिवशी फिरकला नाही, आणि त्या जागी यायला गावात कुणी तयार होईना. शेवटी वकिलांनीच, माझी नजर चुकवत, सुचवलं की म्हातारीला राखणदार नेमावं. राखणदार जागेवर नुसता असतो, तिथं ‘राहत’ नाही, असा नियमाचा अर्थही लावून दिला. मी पदराआड हसून घेतलं.

किल्ली घेऊन मीच गेले. फार दिवसांनी मला मोकळं वाटत होतं. तिला वाचता येत नव्हतं. पाटीवर काय लिहिलंय म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मी शाळेतल्यासारखी खणखणीत आवाजात वाचून दाखवली: येथे दरबारचे शिकारी चित्ते ठेवीत असत.

“असत म्हंजी?”

“म्हणजे पूर्वी होते. आता मेले सगळे, कुणी नाही.”

तिनं झटकन माझ्या तोंडावर हात दाबला आणि दाराकडे बघितलं.

“हळू ओ बाई,” ती म्हणाली. “त्येला आजून कुणी सांगिटल्यालं न्हाय.”