कासवाच्या पोटातला रुपया

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे नुकतीच केबल आली होती आणि टीव्हीवर समुद्र दिसला की सासूबाई विचारायच्या, "एवढं पानी करतंय तरी काय गं नुसतं?" जन्म कडेगावचा, संसार मिरजेत, खरा समुद्र त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यामुळे सांगलीच्या प्राणीसंग्रहालयात समुद्री जीवांचं दालन उघडल्याचं कळल्यावर त्यांनी माझ्यामागे जी भुणभुण लावली, ती तिकीट काढेपर्यंत थांबली नाही.

काचेच्या पेट्यांतले रंगीत मासे त्यांनी "बरं हाय" म्हणून निकालात काढले. शेवटच्या हौदाशी मात्र खिळल्या. आत परातीएवढं समुद्री कासव होतं. जाळ्यात अडकून त्याचा पुढचा पाय दुखावला होता. तो बरा झाला की कोकणात नेऊन सोडणार, असं तिथला रखवालदार सांगत होता. सासूबाईंचं तिकडे लक्ष असेल तर शपथ! देवळात गाभाऱ्याआधी दगडी कासवाच्या पाठीवर माथा टेकायची त्यांची आयुष्यभराची सवय, आणि हे तर जिवंत. त्यांनी हात जोडले आणि मी "अहो आत्या" म्हणेपर्यंत कनवटीचा रुपया पाण्यात टाकलासुद्धा. तळाशी आधीच बरीच चिल्लर होती. म्हणजे आमच्यासारखे शहाणे पुष्कळ येऊन गेले होते.

पुढे पाहुण्यांना घेऊन परत गेलो, तर कासव एका अंगावर कलंडून तरंगत होतं. खाणं सोडलं होतं. रखवालदार तर भडकलेलाच. "नाणी गिळलीत त्यानं! तुम्ही देव समजून टाकता आणि जीव त्याचा जातो."

सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. घरी येऊन ताटावर बसल्या आणि तशाच उठल्या. "माझ्या रुपयानं मरतंय गं ते," एवढंच म्हणाल्या. एरवी आमचं दोघींचं मुळीच पटायचं नाही, पण त्या दिवशी मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवसापासून बाई एसटीने सांगलीला जाऊन हौदाशेजारी ठाण मांडू लागल्या. कुणाचा हात खिशाकडे गेला की संपलंच. "आवं सायेब, तुमच्या पोटात घालू का रुपया? बघू कसा जिरतोय!" एकीने हळूच कुंकवाची पुडी काढली, तिला तर अशी झापली की बिचारी कासव न बघताच गेली. मी म्हटलं, आत्या, जरा गोडीनं सांगा की.

"गोडीनं कळतंय व्हय? मला कळलं हुतं?"

जनावरांच्या डॉक्टरांचे उपचार चालूच होते. शेवटी एके सकाळी कासवाच्या शीतून नाणी पडली. सासूबाईंनी गल्लीत साखर वाटली. कशाबद्दल, ते सांगताना माझी मात्र पंचाईत झाली.

एव्हाना रखवालदाराशी त्यांची गट्टी जमली होती. समुद्रातली कासवं तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी खाणं समजून गिळतात, असं त्याने सांगितलं आणि आमच्या घरचं पिशवीत भरलेलं निर्माल्य कृष्णेत जायचं बंद झालं. "माई शेवटी समुद्रालाच मिळतीया न्हवं?" असं म्हणून त्या ते तुळशीच्या बुडाशी घालायला लागल्या. पिशवीसकट निर्माल्य नदीत भिरकावणाऱ्या शेजारणीशी तर कडाक्याचं भांडण झालं, ते मिटवता मिटवता माझ्या नाकी नऊ आले.

कासवाला न्यायचा दिवस उजाडला. ओल्या पोत्यांवर ठेवून त्याला टेम्पोत चढवलं. मान वर करून ते फुस्स फुस्स श्वास सोडत होतं. रखवालदार म्हणाला, "आजी, या. टेका माथा पाठीवर. एवढं केलंत त्याचं, पहिला मान तुमचा."

मला वाटलं, आता या धावत सुटणार. त्या पुढे झाल्या, हातही लांब केला. तेवढ्यात जमलेली माणसं चपला काढून त्यांच्यामागे रांगेत उभी राहिली. सासूबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

"नगं," त्या म्हणाल्या. डोळे डबडबले होते. "मी टेकला का ही समदी टेकत्याली. मग कुनीतरी परत रुपया काढंल. देव नगा करू त्येला. कासवच ऱ्हाऊ दे."