गिऱ्हाईक फिरवायचं नाही

आमचे हे केस कापतात. बापाचं सलून, बापाचीच खुर्ची आणि नियमही बापाचाच: गिऱ्हाईक फिरवायचं नाही. खुर्ची फिरती आहे हो, पण सासऱ्यांनी ती आणली त्याच दिवशी खालून बोल्ट आवळून टाकला. "माणूस विश्वासानं येतो, तो काय भोवरा आहे? आपण फिरायचं." म्हणून आधी सासरे आणि मग हे, पातळ रबरी चपला घालून दिवसभर फरशीवर लोकांभोवती फिरत आले.

मग टाच जाणारच की! सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की हे असे बोंबलायचे, की शेजारणीनं घड्याळाचा गजर लावणंच सोडून दिलं. जरा चाललं की कळ कमी व्हायची. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं: तळव्याखालचा पट्टा ताणून दुखावलाय, झोपेत तो आखडतो आणि पहिल्या पावलाला ओढ बसते. उठण्याआधी टॉवेलनं पायाची बोटं अंगाकडे ओढा, पोटऱ्या ताणा, गार बाटलीवर तळवा फिरवा, जाड मऊ चपला घाला, उभं राहणं कमी करा. काही महिने लागतील, पण बहुतेकांचं बरं होतं.

ह्यांनी त्यातलं एकच ऐकलं. "पहिलं पाऊल दुखतं ना? मग ते टाकायचंच नाही. डायरेक्ट दुसरं."

आता ह्यावर काय बोलायचं, सांगा! दुसऱ्या दिवशी बाथरूमपर्यंत रांगत गेले आणि तिथे उभं राहून बोंबलले. त्या दिवशी बोंब उशिरा झाली म्हणून शेजारीण कामावर उशिरा पोचली आणि येऊन माझ्यावरच उखडली.

मी म्हटलं, "बोल्ट सैल करा, स्टुलावर बसा आणि गिऱ्हाईक फिरवा." ह्यांचा चेहरा पडला. "बाबा समोर बाकावर बसलेले असतात. त्यांच्या देखत? त्यापेक्षा दुकान बंद केलेलं बरं." आणि खरंच तशी वेळ आली होती. दुपारनंतर ह्यांना उभंच राहवेना. एका माणसाला तर एकच कल्ला कापून घरी पाठवलं. मला रात्रंदिवस धास्ती, हे दुकान गेलं तर ह्या माणसाला दुसरं काही येत नाही.

शेवटी ह्यांनी अक्कल चालवली. स्वतः खुर्चीत बसले आणि गिऱ्हाइकांनाच भोवती फिरायला लावलं. मी डबा घेऊन गेले, तर बँकेतले साहेब गालाला फेस लावून, गुडघ्यात वाकून ह्यांच्याभोवती चकरा मारताहेत! "थोडं डावीकडे या साहेब. हां, आता कान." मागे पोस्टमन शहाण्यासारखा रांगेत उभा. सासरे बाकावर समाधानानं मान डोलावत होते, कारण नियम मोडला नव्हता. कुणी कुणाला फिरवत नव्हतं.

माझं डोकंच सणकलं. तोंड उघडणार, तेवढ्यात दाढीसाठी सासरे उठले. पाऊल टेकवलं आणि भिंत धरून थांबले. डोळे मिटलेले, ओठ घट्ट दाबलेले. मग टाच उचलून चवड्यावर चालू लागले. अहो, हे तर मी घरी रोज सकाळी बघत होते!

"बाबा, टाच दुखते तुमची?"

"छे. सुरुवातीला जरा. मग चालतं."

"कधीपासून?"

"दुकान काढल्यापासून. उभ्याचं काम आहे पोरी, दुखणारच. त्यात सांगायचं काय?"

हे खुर्चीतून उतरले, चक्क बोंबललेसुद्धा नाहीत. बापाला खुर्चीत बसवलं आणि पाना घेऊन खाली वाकले. बोल्ट गंजला होता, पोस्टमननं जोर लावला तेव्हा कुठे सुटला. मग ह्यांनी स्टुलावर बसून खुर्ची हळूच फिरवली. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली. "अरे, पाडशील!" म्हणेपर्यंत ते आरशापासून दाराकडे वळून परत आरशासमोर आलेही होते.

"एवढंच होतं होय?" म्हणाले आणि रडायला लागले. मलाही आवरेना. ह्यांनी ब्रश बाजूला ठेवला, बापाचा पाय मांडीवर घेतला आणि त्याची बोटं हलक्या हातानं मागे ओढत बसले. दाढी राहिलीच.