चाचांचा डोळा आणि पोलादी सुई

माझ्या डोळ्यात आता भिंग बसवलंय. त्याची मागची कड मुद्दाम चौकोनी, धारदार ठेवतात. मग डोळ्यातल्या पेशी सरपटत भिंगामागं जाऊ शकत नाहीत आणि ऑपरेशननंतर पुन्हा पडदा धरायचं भय कमी होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हा ही कड असती, तर एका भल्या माणसाचं नाक वाचलं असतं.

निजामी संपून काही वर्षं झाली होती. आमचे चाचा तेरखेड्यात शोभेची दारू कुटायचे. हात असा की थोबाडीत बसली तर माणूस आठवडाभर दिवसाढवळ्या चांदण्या मोजायचा. एक डोळा भडक्यात गेलेला, उरलेल्यात मोतीबिंदू. तो जवळच्या वाशी गावात, डोळ्यांच्या शिबिरात काढला. त्या काळी शेंगेतला दाणा काढून टरफल ठेवावं तसा आतला गोळा काढायचे आणि मागचं पातळ आवरण राहू द्यायचे. भिंगबिंग काही नाही, वर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. काही महिने चाचांना मुंगीच्या मिशा दिसत होत्या. मग ते आवरणच धुरकटलं, दारूचे रंगही कळेनात.

चाचांनी चष्मा राखेनं घासला. मी म्हणालो, पडदा काचेवर नाही, डोळ्यात आहे. तर मला घासलं, अंगणभर.

पुढच्या शिबिरात डॉक्टर तेच. म्हणाले, "सुईनं पडद्याला भोक पाडतो. हलायचं नाही."

"सुई कशाची?"

"पोलादाची."

आमच्या दारूच्या खोलीत लोखंडाला बंदी. मुसळ लाकडाचं, मापं तांब्याची, वहाणेचा खिळासुद्धा उपटून आत जायचं. एक ठिणगी अन् छप्पर आभाळात. जन्मभर उडालेली दारूच डोळ्यात साचलीय, पोलाद लागलं की मुंडकं उडणार, अशी चाचांची खात्री. त्यांनी डॉक्टरांच्या नाकावर ठोसा घातला. रक्त कोटाच्या खिशापर्यंत आलं. कंपाउंडर सोडवायला धावला, तो खिडकीतून बाहेर गेला; खिडकी बंद होती. मी पाय धरले, तर मला बाकावर आपटलं. बाक मोडला. मी अजून वाकडा बसतो.

डॉक्टर नाक दाबून म्हणाले, "चाचा, ओली दारू पेटते का?"

"न्हाय पेटत."

"मग आधी डोळा भिजवतो."

चाचा थबकले. "नीट भिजवा. कोपरं सोडू नका."

बधिर करायचे थेंब पडले. हात खाटेला बांधले, मी छातीवर बसलो. केसभर हलले असते तर होता तो डोळाही फुटला असता. सुई शिरली तशी चाचांनी माझी मांडी चिमटीत धरून पिळली, मी मूठ चावली, डॉक्टरांच्या नाकातून मिशीत ठिबकत होतं. चाचांची मान मात्र दगडासारखी.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली, चष्मा चढवला. चाचा डॉक्टरांच्या तोंडाजवळ गेले.

"नाक कुणी फोडलं, साब?"

"तुम्हीच."

चाचांनी बराच वेळ ते नाक निरखलं. "मधी लाल हाय," ते हळूच म्हणाले, "अन् कडंला जांभळं. व्हय ना?"

"व्हय," डॉक्टर म्हणाले.

चाचा हुंदके देऊन रडू लागले.