भोजलीचं नाव

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. तिच्या भाच्याचा, राजूचा, आवाज ऐकला आणि कळलं. यशोदामावशी नव्वदीच्या पुढे गेलेली, तीन आठवडे अंथरुणाला खिळलेली, तेव्हा बातमी अनपेक्षित नव्हतीच. तरी खरं सांगते, माझ्या मनात आधी दुःख आलं नाही, भीती आली. एका बाईचं नाव आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि ते कधीही तोंडातून काढायचं नाही असं आमचं ठरलेलं होतं. आता ते जपणारी मी एकटीच उरले, आणि मी जात्याच बडबडी. मेथी तशीच राहिली. मी रिक्षा करून नेहरू नगरला राजूच्या घरी गेले, आणि वाटभर तोंड घट्ट मिटून बसले होते, जणू कोणी विचारणारच होतं.

मावशी माझी सख्खी नव्हे. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही गोंदियाकडून इथे आलो. वडील रिगर, म्हणजे लोखंडाची जड धुडं दोरखंडांनी वर चढवणारे. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये, भावाकडे, मावशी राहायची. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो लवकर गेला. ती सातवी शिकलेली, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली, आणि बोलण्यात कोणाची भीडभाड न ठेवणारी. आईला ती जरा धसमुसळी वाटायची. मला मात्र तिच्याशिवाय करमत नसे. मी मॅट्रिकला इंग्रजीत आपटले होते आणि घरात तोंड लपवून फिरत होते, तेव्हा तिनंच वडिलांना सांगितलं, "पोरीचं अक्षर मोत्यावानी हाय, घरी बसवून काहून ठेवता?" आणि तिच्याबरोबर मी दूधकेंद्रावर कामाला लागले. तेव्हा मी सतरा वर्षांची होते.

हे दूधकेंद्र एका मदत-संस्थेनं मजुरांच्या झोपड्यांजवळ, रुआबांध्याच्या बाजूला उघडलं होतं. ज्यांची शेतं कारखान्यात गेली, तीच माणसं आता त्या जमिनीवर माती वाहत होती. बाया डोक्यावर घमेली घेऊन दिवसभर चढ-उतार करत, आणि त्यांची लेकरं सावली मिळेल तिथे निजलेली असत. परदेशातून दुधाच्या भुकटीचे ड्रम यायचे, मोठ्या पातेल्यात दूध कालवलं जायचं, आणि ज्या बाईकडे कार्ड असेल तिच्या लेकराला पेलाभर मिळायचं. कार्डं मी लिहायची, दूध मावशी वाटायची. पण कार्डावर दर महिन्याला नवा शिक्का लागे, आणि तो शिक्का असे इन्चार्जसाहेबांकडे, मागच्या गोदामात. बायांनी एकेकीनं आत जायचं, गर्दी नको म्हणून. मला ही पद्धत फार शिस्तीची वाटायची... आज हे लिहिताना लाज वाटते. साहेब मृदू बोलायचे, प्रत्येकीला "बेटी" म्हणायचे, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवायचे. माझी आई त्यांना देवमाणूस म्हणायची.

पहिल्यांदा जी बोलली, ती पातेली घासायला यायची. घासता घासताच तिनं मावशीला सांगितलं. शिक्का हवा असेल तर दार लोटून घे, असं साहेब तिला म्हणाले होते. दोन महिने ती नाही म्हणत राहिली आणि दोन महिने तिच्या मुलीचं दूध बंद राहिलं. तिसऱ्या महिन्यात... मावशीनं तिला पुढचं सांगायला लावलं नाही. राखेनं भरलेले तिचे हात धुऊन दिले आणि मला हाक मारली, "विमल, दौत घेऊन ये."

इथे आमच्याकडून जी चूक झाली ती कागदावर विश्वास ठेवणाऱ्या माणसांचीच असते. आमच्या दोन्ही घरांत एकच शिकवण होती, की निनावी अर्ज केराच्या टोपलीत जातो. आमच्या लोकांनी अर्ज लिहूनच थोडंफार मिळवलं होतं. म्हणून मी त्या बाईचं नाव लिहिलं, नवऱ्याचं लिहिलं, गाव लिहिलं, झोपड्यांची कितवी रांग तेही लिहिलं. नावाखाली पट्टीनं रेघ ओढली. माझ्या अक्षराचा मला भारी अभिमान होता. अर्ज संस्थेच्या मोठ्या कचेरीत गेला आणि त्या कचेरीनं रीतसर तोच अर्ज खुलासा मागवण्यासाठी इन्चार्जसाहेबांकडे पाठवून दिला.

त्यांनी मला गोदामाच्या दारात बोलावलं. अर्ज त्यांच्या हातात होता. रागावले नाहीत, हसले. म्हणाले, "अक्षर बहुत सुंदर है बेटी." चौथ्या दिवशी त्या बाईची झोपडी रिकामी होती. मुकादमानं नवऱ्याला कामावरून काढलं होतं, चूल तेवढी राहिली होती. मावशी तिच्या गावापर्यंत जाऊन आली. तिथेही ती पोचलेली नव्हती. पुढे कधीच तिचा ठावठिकाणा लागला नाही, आणि ती लहान मुलगी जगली की नाही हेही मला माहीत नाही. मी रडले तेव्हा मावशी म्हणाली, "लिवलं तू, पन सांगतलं मी. चूक माही हाय. आता रडू नको, डोकं चालव."

तिनं स्वतः चालवलं. दुसऱ्याच दिवशी वाटपाचं टेबल उचलून कडुलिंबाखाली आणलं. साहेबांनी विचारलं तर म्हणाली, "आत लई धूळ हाय साहेब, लेकराइच्या दुधात पडून राहिली." टेबलापाशी दोन बाया कायम असल्याच पाहिजेत, एकटीनं कोणी आत जायचं नाही, हाही तिचाच नियम. साहेबांनी टेबल जाऊ दिलं, पण शिक्का गोदामातच ठेवला. महिना अखेर पुन्हा तेच. बाया मैत्रिणीला घेऊन गोदामाशी जात, आणि साहेब मैत्रिणीला बाहेर थांबायला सांगत. मावशी दाराशी पातेली आपटत राही. त्यापलीकडे आमच्या हातात काही नव्हतं.

श्रावण आला. छत्तीसगढी बाया टोपल्यांत गहू पेरतात, ते अंधारात वाढवतात आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ती पिवळी रोपं तळ्यावर नेऊन शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. त्यांना भोजली म्हणतात. त्या दिवशी दोघींनी एकमेकींच्या कानावर रोप खोवलं की त्या जन्मभराच्या मैत्रिणी, आणि त्यानंतर एकीनं दुसरीचं नाव घ्यायचं नाही. "भोजली" म्हणूनच हाक मारायची. आम्ही मराठी लोक हे लांबून बघायचो. आईनं मला तळ्यावर जाऊ दिलं नव्हतं. मावशी गेली होती, आणि तिथे एक तरुण बाई तिच्यापाशी आली. नवरा पाय मोडून दवाखान्यात, तान्हं मूल अंगावर, आणि तिच्याही कार्डाची तीच कथा. पहिलीचं काय झालं ते तिला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "मोर नाव झन लेबे दीदी." माझं नाव घेऊ नको.

मावशीनं टोपलीतलं रोप उपटून तिच्या कानावर खोवलं आणि स्वतःचा कान पुढे केला.

वस्तीत कुजबूज झाली. "तू दीक्षा घेतलेली, अन् देवीचं रोप कानात घालून आली?" असं तिच्या भावानंच विचारलं. मावशी म्हणाली, "देवीचं मले माहीत नाही भाऊ. नाव न घेन्याचं मले समजते." मग ती माझ्याकडे वळली. "तुह्या रजिस्टरात ते नाव हाय. तिथं राहू दे. तोंडात आनू नको."

या वेळी तिनं अर्ज केला नाही. रेल्वेत बसून संस्थेच्या मोठ्या कचेरीत गेली आणि दोन दिवस व्हरांड्यात बसून राहिली, कोणीतरी ऐकून घेईपर्यंत. महिन्याभरानं दोन अधिकारी चौकशीला आले, त्यांत एक बाई होत्या. चौकशी गोदामालगतच्या खोलीत झाली. रजिस्टर लागेल म्हणून मला कोपऱ्यात बसवलेलं. इन्चार्जसाहेब त्याच खोलीत, खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेले. मावशीनं घडलं ते सगळं सांगितलं, आवाज न चढवता. पुरुष अधिकारी म्हणाले, "नाम तो बताना पड़ेगा."

"ते माही भोजली होय साहेब," मावशी म्हणाली. "भोजलीचं नाव घेत नसतात."

अधिकारी वैतागले. साहेब मात्र शांतपणे म्हणाले, "इस लड़की के रजिस्टर में होगा. इससे पूछिए." त्यांना काय घडलं ते का ठाऊक नव्हतं? त्यांना कळायचं होतं ते इतकंच, की इतक्या जणींतून बोलली कोण. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशीही. मी कोणाची भोजली नव्हते, माझ्यापाशी तशी कसलीच सबब नव्हती. रजिस्टरचं पुठ्ठ्याचं कव्हर माझ्या घामानं ओलं झालेलं मला आजही बोटांना जाणवतं. मला पहिलीची रिकामी चूल दिसत होती. ज्या नावावर बोट ठेवायचं ते कोणत्या पानावर आहे हेही मला पाठ होतं. मी म्हणाले, "मले नाही माहीत. यात दोन-अडीचशे नावं हायेत." बापाशीही कधी खोटं न बोललेली मी, आणि इतकं धडधडीत बोलले.

त्या अधिकारी बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि इन्चार्जसाहेबांना बाहेर जायला सांगितलं. आपल्या सोबत्यालाही. साहेबांना कंपाउंडच्या फाटकाबाहेर बसवलं. मावशीनं तेवढ्यात बाहेर जाऊन कामावरच्या सगळ्या बाया गोळा केल्या आणि त्या रांगेनं एकेक आत गेल्या. जिला बोलायचं होतं तीही, जिला काहीच सांगायचं नव्हतं तीही. मावशीनं बजावलं होतं, की प्रत्येकीनं सारखाच वेळ आत थांबायचं, बोलायचं नसेल तर पाणी प्यायचं आणि बसून राहायचं. फाटकावरून पाहणाऱ्याला कळूच नये कोण बोललं. दुपार उलटून गेली. मावशीची भोजली केव्हा आत गेली आणि केव्हा बाहेर आली, ते माझंही लक्ष नव्हतं, आणि तेच बरं झालं.

पंधरा दिवसांनी साहेब गेले. शिक्का कडुलिंबाखालच्या टेबलावर आला, मावशीनं तो सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधून टाकला. केंद्रावर सगळ्यांना हायसं वाटलं. पण काढून टाकलं नव्हतं त्यांना, बदली केली होती, दुसरीकडच्या केंद्रावर. कुठे बदली केली ते आम्हाला कोणी सांगेना. "तिथल्या बायाइत भोजली असते का वं?" तिनं मला विचारलं. तिनं तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. आपण आपल्या बाया वाचवल्या आणि तो माणूस दुसऱ्यांच्या दारात नेऊन सोडला, हा सल तिच्या मनातून कधी गेला नाही. माझ्याही नाही.

पुढे माझं लग्न झालं, सेक्टर दहामध्ये संसार झाला, मुलं मोठी झाली. कुठे पूर आला, कुठे भूकंप झाला, की टीव्हीवर धान्याचे ट्रक आणि ब्लँकेटचे ढीग दिसायचे. घरातली सगळी हळहळायची. मावशी चष्मा नीट करून पडद्याजवळ जायची. "वाटून कोन राहिलं?" ती विचारायची. "चिठ्ठी कोनाच्या हाती हाय? बाया कुठी उभ्या हायेत, आत का बाहेर?" राजू हसायचा. "आजकाल तसं नसते मावशी, नियम असतात." ती म्हणायची, "नियम तवाही होते." मला ते कधीच हसण्यावारी नेता आलं नाही. आता मीही तेच बघते. परवा पुराच्या बातम्यांत एक बंद दार दिसलं आणि बाहेर बायांची रांग, तर मला जेवण गेलं नाही. नात म्हणाली, "आजी, टेंशन क्यों लेती हो?"

जलदानाच्या, म्हणजे आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी करतात त्या विधीच्या, दिवशी मावशीच्या खोलीत तिचा फोटो ठेवला होता. माणसं येत होती, वंदना म्हणून बसत होती. दुपारी एक म्हातारी सुनेचा हात धरून आली. पाठीत पार वाकलेली. फोटोसमोर उभी राहून तिनं हात जोडले आणि भोजली एकमेकींना करतात तसा नमस्कार पुटपुटली, "सीताराम भोजली." किती तरी वर्षांनी मी तिला पाहत होते. राजूनं मोबाइल काढला. तो बिचारा भला माणूस आहे, मी मावशीवर वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख लिहावा म्हणून माझ्या मागे तोच लागला होता. "आजी, आपका नाम बताइए ना, लेख में डालेंगे," तो म्हणाला. "फोटू पण घेऊन घेतो."

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. सून काही बोलायला गेली तर तिनं सुनेचा हात दाबला.

मी उठले. गुडघे दुखतात, पण उठले. "राजू, फोन ठेव आधी," मी म्हणाले, "अन् त्याइले पानी दे. त्या मावशीच्या भोजली हायेत, मी तेवढंच लिहीन." तो गोंधळला, पण त्यानं फोन खिशात घातला. मी तिला माझ्या शेजारी बसवलं. पाण्याचा पेला तिच्या हातात होता, पण ती पीत नव्हती. सून फोटोला फूल वाहायला वळली तेव्हा ती माझ्या कानाशी आली.

"काखरो ला बताए तो नइ हस?" कोणाला सांगितलं तर नाहीस?

"नाही," मी म्हणाले.

तेव्हा कुठे तिनं पेला तोंडाला लावला.