बाटलीवरचा एक शब्द

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धुळ्याच्या एका डॉक्टरांची जुनी मोटार घेतली, तेव्हा मी बीएस्सी, बीएड होऊन घरी बसले होते. गाडी आणि मी, दोघीही चालू स्थितीत होतो. फक्त कुठे जात नव्हतो.

गाडीचं मागचं उजवं दार तारेनं बांधलेलं होतं. डावं उघडायचं, पण बाहेरूनच. आतलं हँडल एखाद्या पेशंटनं आठवण म्हणून नेलं असावं, असं आबांचं मत. मागे बसणाऱ्याला गाडीत घालावं लागे आणि काढावं लागे. पण आबांचं खरं दुखणं होतं इंजिन. जरा चढ आला की ते खोकायचं, धापा टाकायचं. मेकॅनिकनं सांगितलं, आत कार्बन साचलाय, हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण उघडून खरवडावा लागेल, आठ दिवस गाडी सोडून जा. आठ दिवस गाडीविना हे आबांना आठ दिवसांच्या उपासासारखं वाटलं. ते बाजारातून एक बाटली घेऊन आले. आत लाल औषध, बाहेर मुंगीएवढं इंग्रजी. हे कार्ब्युरेटरमधून पाजलं की काजळी सुटून धुरावाटे निघून जाते, हेड उघडायची गरजच नाही, असं दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलेलं. रविवारी निवांत पाजू असं ठरलं आणि बाटली सीटखाली गेली.

त्याआधी गुरुवारी मला जळगावच्या एका मुलींच्या शाळेत मुलाखत होती. अकरा वाजता. विज्ञानाची एकच जागा. ती मिळाली नाही तर पुढच्या आठवड्यात पाचोऱ्याचे पाहुणे मला बघायला येणार होते. मुलाचा कापसाचा व्यापार होता, आणि सून घराबाहेर काम करणार नाही हे त्यांनी आधीच कळवलेलं. आईनं शिऱ्यासाठी रवासुद्धा आणून ठेवला होता. आबांनी तिच्याकडून कशीबशी एवढीच सवलत मिळवली होती : पोरीला नोकरी लागली तर पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवायचं. माझी पोरगी मुलाखतीला एसटीनं जाणार नाही, असंही त्यांनीच जाहीर केलं. मी खळ घातलेली साडी नेसले आणि मला मागे घालण्यात आलं. पुढच्या सलग सीटवर आबांशेजारी आमचे शेजारी नाना बसले. त्यांना जळगावातच, मेहरूणला, लेकीकडे जायचं होतं. नाना बसले की ती सीट भरत असे.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. पाळधीच्या अलीकडे गाडीनं अंग टाकलं. मागून येणारी बैलगाडी आमच्याकडे सहानुभूतीनं बघू लागली, तेव्हा आबांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि बाटली खिडकीतून माझ्या हातात दिली. काय लिहिलंय ते वाच म्हणाले. पोर शिकलेली आहे, या भरवशावर नानांनीही मान डोलावली.

“पोर शिकेल शे ना, ती सांगी.”

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी घड्याळ पाहिलं, मग बाटली पाहिली आणि मोठ्या रुबाबात सांगितलं : इंजिन चालू ठेवून औषध हळूहळू ओतायचं. त्यानंतर अर्धा तास इंजिन बंद करायचं नाही.

आबांनी बाळाला गुटी पाजावी तसं औषध पाजलं. ते संपायला पंधरा मिनिटं लागली. नाना पुढच्या सीटवरून पाय लांबवून ॲक्सिलेटर दाबून होते. आणि आम्ही निघालो. मागे रस्ता दिसत नव्हता. पांढरा, करडा, काळा असे सगळे धूर आळीपाळीनं निघत होते, आणि प्रत्येक रंगाला आबा खूश होत होते. बघ, कशी घाण निघतेय. ॲक्सिलेटरवरचा पाय जरा सैल झाला की इंजिन गचके द्यायचं, म्हणून ते पाय उचलत नव्हते.

साडेदहाच्या सुमारास आम्ही जळगावच्या रेल्वे फाटकाशी पोचलो आणि फाटक आमच्या नाकासमोर पडलं. शाळा रुळांच्या पलीकडे, चालत दहा मिनिटांवर.

डावीकडून केळीची ट्रॉली आली आणि आमच्या गाडीला घासून उभी राहिली. नानांचं दार गेलं, माझं डावं दार गेलं. उजवं तारेत. उतरायची वाट एकच उरली होती : पुढच्या सीटवरून ओलांडून आबांच्या दारातून. त्यासाठी आधी आबांनी उतरायला हवं होतं. आणि माझ्या आज्ञेवरून आबांचा पाय ॲक्सिलेटरवर रोवलेला. पाळधीला पाय लांबवून नानांच्या पोटरीत गोळा आला होता, ते पुन्हा लांबवायला तयार नव्हते.

मालगाडी आली. ती गेली तरी फाटक उघडेना. दुसरी यायची होती. धूर आता मागे पडत नव्हता, आमच्याचभोवती बसला होता. सायकलवाले तोंडाला रुमाल लावून आमच्या कुळाचा उद्धार करू लागले.

“भाऊ, बठ्ठा धूर मझार ई राहिना,” नाना म्हणाले. आत येणारा धूर मलाही दिसत होता. आबांनी त्यांना शांतपणे समजावलं की अर्धा तास व्हायला अजून पंधरा मिनिटं आहेत, पोरीनं वाचून सांगितलंय.

पावणेअकराला पाच मिनिटं होती. काही सुचेना म्हणून पायाशी लोळणारी बाटली मी उचलली आणि वाचली. या वेळी नीट. औषध ओता. मग अर्धा तास इंजिन चालवू नका.

त्या इंग्रजी ओळीत ‘नॉट’ होता. चांगला ठळक होता. पाळधीला अर्धा तास थांबलो असतो तर माझे अकरा हुकले असते, म्हणून माझा डोळा त्या शब्दावरून अलगद पलीकडे गेला होता. मला हवं होतं तेच मी वाचलं होतं.

आता बघा माझी अवस्था. गप्प बसावं तर अर्धा तास भरेपर्यंत अकरा हुकणार. बोलावं तर विज्ञानाची मास्तरीण व्हायला निघालेल्या मुलीला चार ओळी वाचता येत नाहीत, हे कबूल करायचं, तेही ज्या एका माणसानं तिच्यासाठी आईशी भांडण घेतलं त्याच्यापाशी. दुसरी गाडी आली, मी तिचे डबे मोजले. डबे संपले, तरी फाटक पडलेलंच.

“आबा, बंद करा.”

“अजून वेळ आहे.”

“मी चुकीचं वाचलं. बंदच करायचं होतं.”

आबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “तिथं असं वाचू नको.” आणि त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं नाही.

आबांनी किल्ली काढून हातात घेतली. गाडी हिंदकळत, ठोके देत चालूच. नाना किल्लीकडे आणि बॉनेटकडे आळीपाळीनं बघत होते.

“किल्ली काढी लिधी, तरी चालूच शे?”

मला मात्र एकदम आनंद झाला, कारण हे मला ठाऊक होतं. मी सांगायला लागले : आतला कार्बन तापून निखाऱ्यासारखा लाल झाला आहे, इंजिनाला आता ठिणगी लागत नाही, तो कार्बनच पेट्रोल पेटवतोय...

“हे तिकडे सांग,” आबा म्हणाले. त्यांनी गिअर टाकून ब्रेक दाबला आणि क्लच सोडला. गाडीनं एक जबरदस्त गचका खाल्ला आणि शांत झाली. आबा उतरले. मी नानांच्या खांद्याला धरून सीट ओलांडली, कडक साडी कुठे कशी गेली ते विचारू नका, आणि फाटकाखालून वाकून पळत सुटले.

पोचले तेव्हा माझं नाव एकदा पुकारून झालं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहून आधी पाण्याचा पेला पुढे केला. मग इंग्रजी पुस्तकाचं एक पान दिलं आणि आठवीच्या मुलींना मराठीत समजावून सांगा म्हणाल्या. मी ते पान मनात वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाईंनी विचारलं, इंग्रजी अवघड जातंय का?

“नाही,” मी म्हटलं. “सकाळी एकदा घाईनं वाचून झालंय.”

त्यांना काही कळलं नाही. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. निखाऱ्यापर्यंत आले तेव्हा बाईंसकट तिघंही परीक्षक पुढे सरकून ऐकत होते, आणि पुस्तकाचं पान तसंच राहून गेलं.

बाहेर आले तर ॲक्सिलेटर दाबून दुखावलेला पाय चोळत आबा पायरीवर बसलेले. गाडी नानांच्या राखणीत सोडून चालत आले होते. मुलाखत कशी झाली ते त्यांनी विचारलं नाही.

“दोनदा वाचलंस?” एवढंच विचारलं.

हो म्हटलं. जागा मिळाल्याचं शनिवारी कळलं, आणि येऊ नका म्हणून पाचोऱ्याला पत्र त्याच दिवशी गेलं. आईच्या त्या रव्याचा शिरा आम्हीच खाल्ला.