वहिनींची मोरपंखी साडी

दिनकरअण्णांच्या जीवनावरचा चित्रपट मी कर्जतच्या चित्रगृहात, उजवा हात नसलेल्या खुर्चीत बसून पाहिला. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात ही तक्रार नोंदवणं मी कर्तव्य समजतो. थोर नाटककाराचा संघर्ष बघताना सामान्य माणसाने कोपर कुठे टेकायचं, याचा विचार आजवर कुणीही केलेला नाही.

अण्णांची ओळख झाली तेव्हा मी कॉलेजात होतो. भिसेगावात त्यांच्या दोन खोल्यांत तालमी चालत. नायकाच्या बायकोच्या कामाला मुलगी मिळेना, म्हणून मिशी उतरवून मला उभं केलं. पदर सावरताना मी फिसकन हसलो. अण्णा म्हणाले, "हसू येतं म्हंजे तुला बाई कळलीच नाय." माझी सगळी टवाळखोरी आजही त्या वाक्याला वचकून आहे.

साडी वहिनींची, म्हणजे अण्णांच्या बायकोची, त्यांची एकुलती एक चांगली, मोरपंखी. आमच्या मंडळात कपडे घरोघरून मागून आणत आणि परत देताना घडीवर नारळ ठेवत. मुंबईच्या प्रयोगाच्या दिवशी वहिनी खोकल्याने अंथरुणाला खिळल्या होत्या. अण्णांचा पाय निघेना. वहिनीच म्हणाल्या, "जावा तुमी. मला नाय, तर माझ्या साडीला तरी नाटक दिसंल."

त्या प्रयोगाने अण्णांचं नाव झालं. आम्ही परतलो तेव्हा वहिनी गेल्या होत्या. तीच साडी त्यांच्या अंगावर घातली. नारळ राहून गेला. पुढे अण्णांच्या नाटकांत आजारी बायका फार आल्या; समीक्षकांनी त्याला 'आशयसूत्र' म्हटलं.

चित्रपटात मात्र वहिनी त्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसून, मोरपंखी साडीत, टाळ्या वाजवतात. अण्णांसोबत बाहेर पडताच मी कडाडलो, "अण्णा, धादांत खोटं! साडी माझ्या अंगावर होती. या दिग्दर्शकाला लेखात सोलतो की नाही बघा!"

अण्णा पायरीवरच थांबले.

"मीच सांगितलं रं त्याला. बाकी काय बी कर म्हटलं, पण हिला बसव. माझं एक बी नाटक बघितलं नाय तिनं."

"पण साडी?"

"सिनेमावाल्यांकडं दोन हायेत. आपल्याकडं एकच होती."

तो लेख मी लिहिला नाही; हा लिहिला. अण्णांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांच्या पुढच्या नाटकातली बाई तरी बरी होवो.

ता. क. छापायला देण्याआधी हा लेख अण्णांना वाचून दाखवायला भिसेगावात गेलो, तेव्हा वहिनींच्या फोटोपुढे एक नारळ ठेवला. अण्णांनी त्याची शेंडी तेवढी फोटोकडे वळवली.