तीन कुलपांचे कपाट

१० जून. पावसाळ्याआधी घरातल्या सगळ्या कुलपांत तेल घालायचे, हे माझे दरवर्षीचे काम. आज जुने वर्तमानपत्र पसरून पाच कुलपे मांडली आणि येरवड्याच्या बाजूला पोलीस उपनिरीक्षक असतानाची ती तक्रार आठवली. त्या घटनेनंतर तिची आठवण न काढता मी कुलपाला तेल लावले, असे एकही वर्ष गेलेले नाही.

तेव्हा आमच्या हद्दीच्या कडेला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांतल्या एका संगणक कंपनीने आसपासच्या वस्त्यांतल्या संस्थांना छोटी अनुदाने द्यायला सुरुवात केली. अट एकच: तीन संस्थांनी मिळून अर्ज करायचा आणि मिळून काम करायचे. एका वसाहतीच्या समाजमंदिरात ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ आणि तरुण मंडळ अशा तीन संस्था नांदत होत्या. एकमेकांशी त्यांचे बोलणे फक्त सूचना-फलकावरून चाले. अनुदानासाठी मात्र तिन्ही अध्यक्षांनी एका कागदावर सह्या केल्या आणि वस्तीतल्या मुलांना शिकायला एक संगणक आला.

दीड महिन्याने ठाण्यात एक निनावी पत्र आले. सुवाच्य अक्षर, वर विषय, खाली संदर्भ. समाजमंदिराच्या कपाटातून संगणक चोरीस गेला आहे. झाडलोट करणाऱ्या मावशींवर संशय आहे. त्या आवारातल्या खोलीत राहतात आणि दोन दिवसांपासून गायब आहेत. शेवटी 'प्रत माहितीसाठी' म्हणून तिन्ही संस्थांची नावे.

आमचे हवालदार म्हणाले, "मॅडम, निनावी पत्राची प्रत स्वतःलाच पाठवणारी माणसं आहेत. जरा जपून."

स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही निघालो. कपाट लोखंडी, नवे कोरे. त्याला वर, मध्ये आणि खाली असे तीन कोयंडे मुद्दाम जोडून घेतलेले, प्रत्येक संस्थेचे एक कुलूप. एकाला वेळ असला की दुसऱ्याला नसे, त्यामुळे दीड महिन्यात कपाट एकदाही उघडले नव्हते. कंपनीचे अधिकारी पाहणीला येणार म्हणून पत्राच्या आदल्या दिवशी तिन्ही अध्यक्ष किल्ल्या घेऊन जमले, तर आत काहीच नाही. कुलपे मात्र शाबूत.

पंचनाम्याच्या वेळी मी फळीवर अंथरलेला कागद पाहिला. त्या काळचा संगणक म्हणजे दोघांनी उचलायचे ओझे. कागदावर दाब नव्हता, ओरखडा नव्हता, घडीची रेघसुद्धा मोडलेली नव्हती. तिघांचे जबाब वेगवेगळे घेतले.

ज्येष्ठ संघाचे अध्यक्ष म्हणाले, "वरचं कुलूप आमचं. वयाचा मान म्हणून. मी स्वतः लावलं, तीनदा ओढून पाहिलं."

"आणि संगणक आत कोणी ठेवला?"

"अहो, या वयात आम्ही ओझी उचलायची? ते तरुणांचं काम."

तरुण मंडळाचे अध्यक्ष पंचेचाळिशीचे होते. "मधलं आमचं. वर लावू दिलं नाही म्हणून तासभर वाद झाला, सगळ्या वस्तीनं ऐकलाय. बाकी खोक्यांची पूजा महिला मंडळानं मांडली होती. मांडलेली पूजा आम्ही कशी हलवणार?"

महिला मंडळाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "पूजा आम्ही मांडायची, नारळ आम्ही आणायचा, आणि नंतर हमालीही आम्हीच करायची का? खालचं कुलूप तेवढं आमचं. वाकून लावलंय."

कुलपांविषयी जबाब इतके चोख होते की मी कोर्टात डोळे मिटून सादर केले असते. संगणक आत ठेवल्याचे वाक्य मात्र तिन्ही जबाबांत नव्हते.

"आता त्या मावशींची खोली बघू," मी म्हटले.

"ती रिकामी करून घ्यायचा ठराव झालाय," ज्येष्ठ अध्यक्ष म्हणाले. "एकमताने."

हा तिन्ही संस्थांचा पहिला संयुक्त ठराव. खोलीच्या दाराला तीन कुलपे होती.

मावशी त्या खोलीत अकरा वर्षे राहत होत्या. ती खोली गेली असती तर पुण्यात त्यांना दुसरे छप्पर नव्हते. दुपारी त्या हातात पिशवी घेऊन फाटकातून आल्या. लोणी काळभोरला भाचीच्या मुलाच्या बारशाला गेल्या होत्या. कुलपे पाहून थांबल्या.

"मावशी, संगणक कुठे आहे?" मी विचारले.

"आत हाय की. पलंगाखाली."

"घ्या, कबूल झाली," तरुण अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही जरा थांबा. मावशी, पलंगाखाली कसा गेला?"

"यांचं भांडण झालं, कुलपं लावली, समदी घरला गेली. खोकी तशीच स्टेजवर. मी या आजोबांकडं गेले, ते म्हणाले, त्यांना सांग. हे म्हणाले, बाईंना सांग. बाई म्हणाल्या, उद्या बघू. दीड महिना झाला, उद्या काय उगवला नाय. दोन दिस वाट बघून मीच एकेक खोकं आत घेतलं, पोरं नारळ ठेवून खेळत हुती त्यावर."

"पण माल तिच्या खोलीत आहे, हे तर खरं?" ज्येष्ठ अध्यक्ष म्हणाले.

"खरं. आता कपाटातून चोरी झाली असं लिहायचं, तर कपाटात ठेवला कोणी हेही लिहावं लागेल. ज्यांनी ठेवला त्यांनी इथे सही करा."

तिघांकडे पेन होते. एकानेही बाहेर काढले नाही.

खोली उघडताना पहिली किल्ली कोणाची यावर पुन्हा सुरू झाले. खालून वर उघडायचे असा नियम आहे, असे मी सांगितले. असा कोणताही नियम नाही. पलंगाखाली खोकी होती, ओल लागू नये म्हणून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. कुंकू अजून जागेवर होते.

मी ठराव मागे घ्यायला सांगितले. "त्याला सभा लागते," अध्यक्षा म्हणाल्या, "आणि सभेला सात दिवसांची नोटीस."

"खोट्या तक्रारीवर कारवाई करायला मला नोटीस लागत नाही."

सभा तिथेच, उभ्या उभ्या झाली. सूचक, अनुमोदक, सगळे रीतसर.

त्यानंतरच्या नोकरीत कुठेही कुलूप शाबूत दिसले की मी आधी विचारायची, वस्तू आत ठेवताना कोणी पाहिली? आणि एखाद्या गोष्टीवर सगळ्यांचे पटकन एकमत झाले की ज्याला सभेला बोलावलेले नाही, त्या माणसाला आधी शोधायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी समाजमंदिरात गेले. कंपनीचे पाहुणे दहाला येणार होते. तिन्ही अध्यक्षांना एकेक खोके उचलायला लावले आणि हॉलमधल्या टेबलावर मांडून घेतले. हॉलची किल्ली मावशींकडे होतीच. कपाट रिकामे राहिले, म्हणून मावशींनी त्यात झाडू आणि फिनेलची बाटली ठेवली. मी दार लावले. कुलूप लावू दिले नाही.